बाद झालेलीला उठवणारी

कबड्डीत लोक चढाई बघायला येतात. पकड झाली की टाळ्या पडतात, पण त्याही बऱ्याचदा चढाईवाली कशी आपटली याच्याच असतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी तक्रार आहेच. मी स्वतः कॉलेजात आणि पुढे काही वर्षं डाव्या कोपऱ्याच्या शेजारी उभी राहून खेळले. कोपऱ्यावरची मुलगी चढाईवालीचा घोटा धरायला झेपावते, आणि तिच्या हातात हात घालून उभी असलेली मी पुढे होऊन मध्यरेषेची वाट अडवते, असं ते काम. घोटा धरलेला दिसतो. अडवलेली वाट कुणाला दिसत नाही. आमच्या संघाचा एकदा पेपरात फोटो आला होता. त्यात चढाईवाली सगळीच्या सगळी होती, कोपऱ्यावरचीचं तोंड होतं आणि माझं एक कोपर होतं. आईनं तो कापून ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते कोपर दाखवायची.

आता माझे गुडघे गेलेत. काष्टीजवळच्या एका गावात मी शाळेत खेळ शिकवते, आणि संध्याकाळी मैदानावर आसपासच्या कॉलेजच्या मुली येतात. त्यांचा एक संघ आहे. ज्या मुलीबद्दल सांगायचं आहे ती अकरावीत असताना आली. तिचे वडील वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून पिकअपनं डेअरीला घालतात. घरच्या गाईंच्या धारा पहाटे हीच काढायची, त्यामुळे हाताला अशी पकड होती की तिनं मनगट धरलं तर सुटायचं नाव नको. बोलणं मात्र मोजकं. मी तिला माझ्या जागेवर उभी केली. कुणाला सांगितलं नाही, पण तिथे दुसरी कुणी उभी राहिलेली मला बघवत नव्हती.

त्याच वर्षी दुसरी एक आली, उंच, वाऱ्यासारखी पळणारी. ती चढाईला निघाली की मैदानाभोवतीचे मोबाईल आपोआप वर व्हायचे. पोरगी गुणाची होती, उगाच कशाला खोटं बोलू? तिला दम होता, डोकं होतं, आणि पडली तर हसत उठायची. दोघी एकाच एसटीनं यायच्या, एका डब्यात जेवायच्या. दोन वर्षांनी मी दोघींना एकदमच खुल्या गटात उतरवलं.

मोसम सुरू व्हायच्या आधी पकडवालीचे वडील शाळेत आले. दुधाच्या कॅनचा वास घेऊनच आले आणि खुर्ची देऊनही बसले नाहीत. ती दाराशी उभी होती.

"मॅडम, पोरगी एकोनीसची झाली. घरात इचारत्यात."

"कोण विचारतंय?"

"दादा." दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. त्या घरात शेवटचा शब्द दादांचा. "दादा म्हनले, आता पुरं झालं. म्या म्हनलं, खेळती तर खेळू द्या की. तवा दादा म्हनले, एक बक्षीस घरात यिऊ दे, मंग बघू."

"ढाल तर आणलीय की संघानं."

"ती शाळंच्या कपाटात ऱ्हाती, मॅडम. हिच्या नावाचं पायजे."

मला त्या 'मग बघू'मध्ये अर्धा होकार ऐकू आला. बक्षीस आणलं तर पोरगी पुढे खेळणार, नाही आणलं तर घरी बसणार, असा सरळ अर्थ मी लावला. मी वडिलांना म्हटलं, "आणेल. तुम्ही काळजी करू नका." ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. ती माठाकडे गेली आणि पाणी प्यायली.

आणेल म्हणणं सोपं होतं. चढाईवालीचे गुण डोळ्यांसमोर मोजले जातात. पकडीचा गुण आमच्याकडे पहिला हात घालणारीच्या नावावर जातो. मागून येऊन वाट अडवणारीच्या नावावर काहीच जात नाही. तिला स्वतःच्या नावाचं बक्षीस मिळायचं म्हणजे एकच आशा होती. यात्रेच्या स्पर्धेत, पहिल्यांदाच खुल्या गटात उतरलेल्या मुलीसाठी एक करंडक असतो. त्यावर लिहिलेलं असतं 'उदयोन्मुख खेळाडू'. हा करंडक गुणांवर ठरत नाही, तिघंजण बसून ठरवतात. आजवर तो चढाईवालीलाच गेलेला होता.

त्या तिघांत एक निवृत्त पंच होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. दुसरे करंडक देणारे हार्डवेअरचे दुकानदार, त्यांना सगळे चाचा म्हणतात. तरुणपणी तेही खेळलेले. तिसरी मी. संघाची प्रशिक्षकही मीच आणि निवड करणारीही मीच, हे शहरात चाललं नसतं. गावाकडे पंच, प्रशिक्षक आणि पाहुणे यांच्यात फार अंतर नसतं. शिवाय त्या वर्षी नव्यानं उतरलेल्या आमच्याच दोघी होत्या, नाव निघणार होतं ते त्यांच्यापैकीच एकीचं, त्यामुळे कुणी ब्र काढला नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशीचा जनावरांचा बाजार उठला होता. बाजारतळ झाडून, पाणी मारून टेम्पोतून आणलेल्या मॅट अंथरल्या होत्या, तरी जनावरांचा वास होताच. अंतिम सामना शिर्डीकडच्या संघाशी. उत्तरार्धात आमची चढाईवाली बाद होऊन बाहेर बसली. तिच्यामागोमाग आणखी दोघी बसल्या. आत राहिलेल्या चौघींत कोपऱ्यावरची होती, आणि तिचा हात धरून आमची ही.

समोरची चढाईवाली आली ती थेट डाव्या कोपऱ्यावर. कोपऱ्यावरचीनं घोटा धरला, पण नीट बसला नाही. ती बलदंड मुलगी घोट्यासकट तिला ओढत मध्यरेषेकडे निघाली. तिचा हात रेषेला लागला असता तर धरणारी बाद, सामना तिथेच संपला असता. आमच्या मुलीनं उडी मारली नाही की काही नाही. ती फक्त रेषेच्या आणि त्या बलदंड मुलीच्या मध्ये जाऊन बसली, दोन्ही हातांनी कंबर कवळली आणि हलली नाही. समोरचीची बोटं रेषेपासून वीतभर अलीकडे मॅट खरवडत राहिली आणि दम सुटला. भोंग्यावरून कोपऱ्यावरच्या मुलीचं नाव दोनदा गाजलं.

पकडीचा गुण मिळाला की बाद झालेली एक परत आत येते. त्या गुणावर आमची चढाईवाली उठली. आत आली, आणि पुढच्या चढायांत तिनं सामना ओढून आणला. लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. माझ्या अंगावरही काटा आला, नाही कसं म्हणू?

मंडपामागे आम्ही तिघं बसलो. गुरुजींनी चहा ओतायच्या आधीच चढाईवालीचं नाव घेतलं. मी म्हटलं, "नाही."

"मॅडम, पब्लिकला काय सांगायचं? दुसरीनं केलं काय?"

"चढाईवाली बाद होऊन बाहेर बसली होती, गुरुजी. बाद झालेली आपली आपण उठत नाही. तिला उठवलं कुणी?"

"कोपऱ्यानं."

"कोपऱ्यानं घोटा धरला. आणि घोट्यासकट त्यांची चढाईवाली निघालीच होती की. तुम्ही इतकी वर्षं शिट्टी वाजवलीत, तुम्हाला दिसलं नाही?"

माझा आवाज चढला होता. गुरुजींनी कप खाली ठेवला. त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. ते म्हणाले, "दिसलं. पण चढाईवाली एकटी जाते. सात जणींत एकटी. चुकली तर सगळ्या गावादेखत एकटी चुकते. पकडीत चूक वाटून घेता येते. एकटं जायला जे लागतं, त्याची काही किंमत आहे की नाही?"

आहे. मी कधीच एकटी गेले नाही, म्हणून मला ते जास्त कळतं. पण चूक वाटली जाते तसं नावही वाटलं जायला हवं होतं, आणि ते कधी वाटलं जात नाही, असं मी म्हणाले. मग दोघंही चाचांकडे बघायला लागलो.

चाचा बशीतला चहा संपवून म्हणाले, "माझ्या दुकानातून दारं बी जात्यात आन् बिजागऱ्या बी. दाराची तारीफ समदे करत्यात. तक्रार आली की बिजागरीची येती. एकदा तारीफ करून बघू की तिची."

गुरुजी हसले. करंडक पकडवालीला द्यायचं ठरलं.

भोंग्यावर नाव पुकारलं तेव्हा गर्दीत कुजबुज झाली. "कोन ही? कोन रं?" असं माझ्या मागून ऐकू आलं. ती जागची हलेना. शेवटी चढाईवालीनंच तिच्या पाठीत हात घालून तिला पुढे ढकललं आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तिनंच वाजवल्या. निवेदकानं नाव पुन्हा घेतलं, गावासकट, वडिलांसकट. ती करंडक दोन्ही हातांनी कवळून उभी राहिली. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या जागेवरच्या खेळाडूला कुणी नावानं पुढे बोलावलेलं मी पाहिलं नव्हतं.

वडील संध्याकाळचं दूध घालून आलेले. करंडक फिरवून फिरवून बघत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ह्ये उदयोन्मुख म्हंजी काय वो?"

"आत्ता कुठे उगवायला लागलेली," मी म्हटलं.

"लई चांगला शब्द हाय," ते म्हणाले, आणि पिकअपमध्ये रिकाम्या कॅनच्या मधल्या जागेत पोतं अंथरून त्यांनी करंडक नीट उभा केला.

पुढच्या आठवड्यात ती सरावाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन बंद. चढाईवालीला विचारलं तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, तुमीच जाऊन या." मी स्कूटर काढली.

घरात करंडक टीव्हीच्या शेजारी ठेवलेला होता, हार घालून. वडिलांनी हसत स्वागत केलं, पेढ्याचा बॉक्स पुढे धरला. मला वाटलं बक्षिसाचे पेढे उशिरा का होईना आले. ते म्हणाले, "सुपारी फुटली, मॅडम. राहुरीकडचं स्थळ हाय. पोरगा कारखान्यावर नोकरीला, निर्व्यसनी. ही ट्रॉफी बगूनच पाव्हनं खूश झाले, फोटू काढून नेला."

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"व्हय की. दादांनी सांगितलंच हुतं, बक्षीस यिऊ दे, मंग बघू. आलं, मंग बघितलं." त्यांचा चेहरा इतका मोकळा होता की मला रागही धड धरता येईना. "तिची बी हौस फिटली. आमच्या बी जिवाला घोर न्हाई ऱ्हायला, का पोरीला मधूनच उठवलं म्हनून."

बघू म्हणजे स्थळ बघू. मराठी माझीही मायबोली आहे, माझंही लग्न असंच 'बघून' झालं, आणि तरी त्या दिवशी मला ते कळलं नव्हतं. मी हातातला पेढा तसाच धरून बसले. लग्न वाईट नव्हतं, माणसं वाईट नव्हती. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडण्यासारखं त्या घरात कुणीच नव्हतं.

ती मला सोडायला गोठ्यापर्यंत आली. मी विचारलं, "तुला स्थळ पसंत आहे?"

"हाय. चांगला हाय तो. पन त्यो म्हनला, लग्नानंतर खेळायचं बगू."

'बगू' म्हणताना ती किंचित हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "बक्षीस आलं की हे होणार, हे तुला माहीत होतं?"

"घरात समद्यांनाच म्हाईत हुतं."

"आणि बक्षीस मैत्रिणीला गेलं असतं तर?"

"तर अजून एक साल मिळालं असतं. दोन बी मिळाली असती कदाचित. शब्द दिला म्हनल्यावर बक्षीस येस्तवर दादांनी स्थळ बघितलं नसतं."

माझा आवाज पुन्हा चढला. "मग मला का नाही सांगितलंस? एका शब्दानं सांगायचं होतंस. मी गुरुजींचं ऐकलं असतं."

"म्हनून तर न्हाई सांगितलं."

तिनं गाईच्या गळ्यातलं दावं उगाच सैल केलं, पुन्हा बांधलं. मग पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "आनखी धा वर्सं खेळले असते तरी भोंग्यावरून माझं नाव कवा घेतलं असतं, मॅडम? मला त्ये पायजे हुतं."

मी तिला जवळ घेतलं आणि रडले. ती रडली नाही. मला आधी कळलं असतं तर मी तो करंडक चढाईवालीला देऊन टाकला असता, हिच्या भल्यासाठी, आणि हिचं नाव पुन्हा एकदा दुसरीला दिलं असतं.