मधीच उपटलेला प्लग

दोन हजार अठरा साल. मला सदुसष्टावं लागलं होतं. शाळा म्हणाल तर तिसरी, तीबी अर्धी. पण गावातली दूध सोसायटी म्या उभी केली, चेअरमन मीच, आन् सोसायटीत कॉम्प्युटर आणला तोबी म्याच. कोणत्या गाईला कधी इंजेक्शन दिलं, कोणती कधी विणार, समदं त्यात. "आता वही कशाला पाहिजे?" असं चारचौघांत म्हणून म्या वही बंद केली होती.

त्या साली पाऊस आलाच न्हाई. दसरा झाला तशी माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला निघाली. माझी धाकटी बहीण अडकून पडली. नवरा वारलेला, चारा संपलेला, दावणीला एकच गाय, गाभण. ती दोन महिन्यांच्या अंतरानं दोनदा इंजेक्शन देऊन भरवलेली. खरी कोणत्या येळंला गाभण राहिली ते जनावरांच्या डॉक्टरनं तपासून कॉम्प्युटरात लिवून घेतलं, आन् मग त्याची बदली झाली.

बहीण म्हणली, "दादा, महिन्याच्या आत विणार असंल तर मी थांबते, दुधावर भागवते. लांब असंल तर शुक्रवारी बाजारात नेते आन् टोळीसंगं जाते. तू तेवढी तारीख बघ."

"आजच बघतो," म्हणलो.

मंगळवार होता. सोसायटीत गेलो तर कॉम्प्युटरचं मशीन सांभाळणारी गावची सूनबाई त्यात नवी सिस्टीम चढवीत होती. "आबा, हे गोल फिरतंय तवर हात लावू नका. मी लेकराला जेवू घालून येते."

ती गेली आन् टँकर आला. हौद उंचावर, मोटरीशिवाय पाणी चढत न्हाई, आन् चालू बोर्ड एकच, त्यात मशीनचा प्लग. टँकरवाला बोंबलला, "चेअरमन, पाणी घेता का माघारी नेऊ?" पडद्यावर चाळीस टक्के दिसत होतं. म्या प्लग उपटला. जनावरं पोटभर प्याली, त्यात बहिणीची गायबी होती. मग प्लग परत लावला, बटन दाबलं आन् गुमान बसलो.

सूनबाई आली तवा पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं. मशीन आपोआप चालू व्हायचं, आपोआप बंद पडायचं, परत तिथंच यायचं.

"आबा, मधी लाइट गेलती का?"

"न्हाई."

बुधवारी ती मशीनचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं कडा गावी कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदारानं तिला तेच विचारलं, तिनं मला फोन लावला, म्या परत "न्हाई" म्हणलो. मग डिस्कच बिघडली आसंल म्हणून तो हार्डडिस्कच्या मागं लागला. गुरुवार त्यातच, तिच्या हेलपाट्यात गेला. बहीण दोनदा दारात येऊन गेली.

"सापडली का तारीख?"

"मशीन बिघडलंय."

"तूच आणलेलं ना रं ते?" म्हणून हसली. तिसऱ्यांदा आली न्हाई.

शुक्रवारी दुपारी गाय व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढली. मी ओट्यावर बसून बघत होतो. उभ्या आयुष्यात कुणापुढं चुकलो म्हणलो न्हवतो, जीभच वळंना.

सांजंला सूनबाईचा कड्याहून फोन. रडत होती. "आबा, समदं पुसून टाकावं लागंल म्हणतेत. गावात म्हणतेत मीच बिघडवलं."

"प्लग म्या उपटला," म्हणलो. "मोटर लावायला."

तिनं फोन दुकानदाराकडं दिला. तो म्हणला, "अहो चेअरमनसाहेब, तीन दिस झाले हेच विचारतोय! डिस्क धड हाय. सिस्टीम अर्धीच चढलीय, एवढंच."

जुन्या सिस्टीमवर माघारी जायची सोय मशीनमधीच होती. तासाभरात समदं जागच्या जागी उघडलं. शेवटच्या एसटीनं सूनबाई आली, छापलेला कागद माझ्या हातात दिला आन् घरी गेली. गाय अठरा दिवसांत विणणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीपाशी टोळीचा ट्रक उभा होता. बहीण भांड्यांच्या गाठोड्यावर बसलेली. म्या कागद वर दिला.

"मला कुठं वाचता येतंय? तूच वाच."

म्या बोट ठेवून, अक्षर लावीत तारीख वाचली. मग ट्रकातल्या समद्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की प्लग म्या उपटला होता आन् तीन दिस खोटं बोललो.