बोटभरही जास्त नको

बँडमध्ये सगळे त्याला कवळीवाला म्हणत, कारण दिवसभर तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवायचा. खिडकीशी टेबल, टेबलावर जबड्यांचे पांढरे साचे ओळीनं मांडलेले आणि त्यांच्यावर हा वाकलेला. कवळी हिरडीवर अशी बसली पाहिजे की मध्ये कागदही सरकू नये, असा त्याचा हट्ट. कुणाची ढिली कवळी दिसली की याचंच तोंड वाकडं व्हायचं. संध्याकाळी हात धुऊन तो गिटार घ्यायचा, आणि तिथंही गडी तसाच.

बँड तरी केवढा? ड्रम वाजवणारा चष्मेवाला, त्याची गाणारी बायको, बेस गिटारवर एक बस ड्रायव्हर आणि हा. चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या गराड्यात सराव चालायचा. बरीच वर्षं सुखात गेली. मग कवळीवाल्याची धाकटी बहीण बदली होऊन परत आली आणि चष्मेवाल्यानं तिला दुसऱ्या गिटारवर घेतलं. झालं, याच्या पोटात दुखायला लागलं.

खरं तर दुखणं जुनंच. तिला पहिले सूर यानंच शिकवलेले, तिची इवलीशी बोटं तारांवर दाबून धरून. पण त्यांच्या बाबांची एक सवय होती. वाजवणं मनापासून आवडलं की ते डोळे मिटून घेत. थोरला वाजवायचा तेव्हा बाबा त्याच्याकडे नीट बघत, मान डोलवत, "छान" म्हणत. धाकटीनं गिटार हातात घेतली की पहिल्या ओळीलाच डोळे बंद. छान नाही, बिन नाही, नुसते डोळे बंद. ते "छान" ऐकून त्याला रडू यायचं. आता केस पिकायला लागले तरी तो सल काही गेला नव्हता.

अशात एका सभागृहात कार्यक्रम ठरला. शेवटच्या गाण्यात गिटारचा एक लांबलचक तुकडा होता, एकट्यानं वाजवायचा. चष्मेवाल्यानं सांगून टाकलं, "दुपारी स्टेजवर आवाज तपासू, तेव्हा दोघांनीही वाजवा. ज्याचा जास्त भिडेल, तुकडा त्याचा." बाबा पहिल्या रांगेत बसणार होते. तेव्हा तुकड्याचं एक सोडा, बाबांचे डोळे कुणासाठी मिटणार, एवढंच कवळीवाल्याच्या डोक्यात होतं.

धाकटीनं नवा पेडलबोर्ड केला. पेडल म्हणजे पायानं दाबायची डबी. एक दाबली की गिटार गुरगुरते, दुसरी दाबली की सूर दरीत घुमल्यासारखा परत येतो. अशा डब्या एका फळीवर मांडायच्या आणि एकीतून दुसरीत आवाज न्यायला मध्ये आखूड केबली जोडायच्या, त्या पॅच केबली. त्यातली एक जरी दगा देऊन गेली तरी अख्खी गिटार मुकी. धाकटी म्हणाली, "दादा, केबली घ्यायला चल ना. तुझ्याइतकं त्यातलं कुणाला कळतं?"

स्तुती ऐकून त्याला बरं वाटलं आणि त्याचाही राग आला.

वाद्यांच्या दुकानात दुकानदारानं काउंटरवर ढीग ओतला. रबरी जाड डोक्याच्या, चपट्या डोक्याच्या, सरळ पिनांच्या, काटकोनी पिनांच्या. कवळीवाल्यानं एकेक उचलून वाकवून पाहिली, पीन नखानं हलवून पाहिली. स्वतःसाठी त्यानं तयार केबल घेतलीच नाही. सुटी वायर आणि चपट्या पिना घेतल्या. घरी मापून कापायच्या, स्वतः सोल्डरचा डाग देऊन जोडायच्या. दोन डब्यांमध्ये जेवढं अंतर तेवढीच केबल, बोटभरही जास्त नको.

धाकटीच्या हातात लाल, पिवळ्या, हिरव्या तयार केबलींचा जुडगा होता. चांगल्या हातभर लांब. बोर्डावर त्यांची वेटोळी होणार, पायात येणार, बघणाऱ्याला वाटणार की कुणी लोकरीचा गुंडा विस्कटलाय.

"या घेऊ का रे? जरा लांब वाटतात."

खरं काय ते त्याच्या जिभेवर आलं होतं. पण त्याच क्षणी बाबांचे मिटलेले डोळे आठवले आणि जीभ वळली.

"घे की," तो म्हणाला. "लांबच बऱ्या. रंगही छान आहेत."

दुकानदारानं भुवई उंचावली. कवळीवाला घाईघाईनं दुसऱ्या कपाटाकडे बघायला लागला.

पुढचा आठवडा कामाच्या टेबलावर साचे बाजूला सारून त्यानं आपलाही बोर्ड नव्यानं बांधला. दाताच्या फटी मोजायच्या उपकरणानं डब्यांमधली अंतरं मोजली. केबली बसल्या त्या अशा की जणू डब्यांना त्या उपजतच होत्या. बायको चहा घेऊन आली, बघून म्हणाली, "वाजवायचंय की शोकेसमध्ये ठेवायचंय?" मनात तो धाकटीचा गचाळ बोर्ड आणि आपला बोर्ड शेजारी शेजारी ठेवून बघत होता, आणि जिवाला फार थंड वाटत होतं.

कार्यक्रमाच्या दुपारी दोन्ही बोर्ड स्टेजवर खरंच शेजारी आले. धाकटीच्या बोर्डावर रंगीत भेंडोळी. बस ड्रायव्हर याच्या बोर्डावर वाकून म्हणाला, "काय काम आहे राव!" कवळीवाल्याची छाती फुगली. आधी धाकटीनं वाजवलं. सूर घुमवणाऱ्या डबीवर हलकेच पाय ठेवून ती असं काही वाजवून गेली की चष्मेवाला ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवून बसला. कवळीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं सगळा जळफळाट टाचेत आणला आणि पेडलवर पाय आपटला.

डबी जराशी सरकली. केसभर म्हणा. पण केबलीत तेवढीही ढील नव्हती. सोल्डर उचकटलं आणि गिटार मुकी झाली.

तो गुडघ्यावर बसला. एकेक पीन दाबून पाहू लागला. जादा केबल त्यानं आणलीच नव्हती. इतक्या नेमक्या केबलीला जोडी कशाला लागेल, असा तोरा. चष्मेवाला घड्याळ बघत होता. सुंठीवाचून खोकला जायची वेळ होती. धाकटीनं नुसतं गप्प उभं राहायचं, तुकडा तिचा.

ती वाकली. स्वतःच्या बोर्डावरून सूर घुमवणारी डबी मोकळी केली, तिची लाल केबल उपसली आणि दादाच्या बोर्डावर लावून दिली.

"अगं, मग तुझं घुमणं?" चष्मेवाला म्हणाला.

"बाकीच्या गाण्यांत कुठं लागतंय? दादा, हं, घे."

त्यानं वाजवलं. कसं वाजवलं ते त्याचं त्याला कळलं नाही; डोळ्यांसमोर सारखी ती लाल केबल होती, त्याच्या देखण्या बोर्डावर ऐसपैस पसरलेली. चष्मेवाला म्हणाला, "ठरलं. तुकडा दादाचा." टाळी पहिली धाकटीनं वाजवली.

संध्याकाळी तुकडा सुरू झाला आणि त्यानं पहिल्या रांगेत पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सुरापर्यंत मिटलेले. इतकी वर्षं ज्यासाठी जीव जाळला ते समोर होतं.

कार्यक्रम संपल्यावर बाबा काठी टेकत स्टेजमागे आले. सरळ धाकटीकडे गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शेवटचा तुकडा काय वाजवलास गं! डोळे उघडवेनात."

कवळीवाला हातात वायर गुंडाळत होता, ती तशीच राहिली.

"बाबा, मी नाही. तो दादा होता," धाकटी म्हणाली.

"दादा?" बाबा वळले. त्याच्याकडे बघत राहिले, जणू घरात कुणी नवं माणूस आलंय. "अरे, मग बोलत का नाहीस?"

आता फक्त हसायचं होतं. पण ते मिटलेले डोळे त्याला पचेनात. "केबल तिची होती," तो म्हणाला. मग उरलेलंही तोंडातून निसटलं. "आणि त्या लांब केबली मी तिला मुद्दाम घ्यायला लावल्या. बोर्ड गचाळ दिसावा म्हणून."

बाबा काठीवर भार देऊन उभे राहिले. धाकटी मात्र खो खो हसत सुटली.

"माहीत होतं रे मला! तुझा चेहरा दुकानात असा झाला होता जणू मीच तुझी वायर चोरली. पण मला लांबच हव्या होत्या. आखूड तुटतात, पहिल्याच बँडमध्ये शिकले मी. तू नको म्हणाला असतास तरी त्याच घेतल्या असत्या."

कवळीवाल्यानं पुन्हा वायर गुंडाळायला घेतली. इतका मत्सर केला, तोही फुकट गेला. बाबांनी तर त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, लहानपणी तिच्या पाठीवर ठेवायचे तसा. पण त्याचं लक्ष धाकटीकडेच होतं. असं सगळं माहीत असून केबल काढून द्यायची आणि वर हसायचं, हे तिला कसं जमतं? लाल केबल गुंडाळून तिच्या हातात देताना त्याला कळलं की आता तो तिच्या त्या हसण्यावरही जळायला लागलाय.