जहाजावरची संकष्टी

आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या नोकरीबद्दल एकमत आहे: मज्जा आहे बाबा हिची. मी टूर मॅनेजर आहे. ठाण्याच्या एका टुरिस्ट कंपनीतर्फे चाळीस-पन्नास माणसांचा ग्रुप घेऊन निघायचं, त्यांना सिंगापूर, मलेशिया, थायलंड असं कधी बसने तर कधी क्रूझने फिरवायचं आणि जेवढी नेली तेवढी माणसं परत आणायची. लोकांना यातलं फिरणं तेवढं दिसतं. कुणाची कवळी हॉटेलच्या ग्लासात राहिली म्हणून विमानतळाच्या वाटेवरून बस वळवायला लागते, ते दिसत नाही. बसच्या सीट आम्ही रोज बदलतो, आज पुढे बसलेला उद्या दोन रांगा मागे, म्हणजे खिडकी आणि पुढची मोठी काच सगळ्यांच्या वाट्याला यावी. तरी पुढच्या सीटवरून सख्खे साडू एकमेकांशी दोन दिवस बोलत नाहीत आणि मग मी दोघांमध्ये बसून चिवडा खाते.

हे सगळं मी घरी आल्यावर रंगवून सांगायचे. सासूबाई "हो का?" म्हणायच्या आणि मेथी निवडत राहायच्या.

गेल्या वर्षी मात्र त्यांनी विषय काढला. जेवणं झाली होती, नवरा टीव्हीसमोर होता, मुलगी अभ्यासाचं नाटक करत होती आणि सासूबाई उद्याची मेथी निवडत होत्या. "माझे गुडघे आता राहिले नाहीत," त्या म्हणाल्या. "पोरगी मोठी होतेय. घरची बाई महिन्यातला अर्धा वेळ बाहेर, हे किती दिवस चालायचं? ऑफिसातली नोकरी बघ, नाहीतर सोड."

नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. नजर मात्र पडद्यावरच. मला दोघांचाही राग आला. पण राग करून उपयोग नव्हता. मी टूरवर असताना शाळेचा डबा, पोरीचा ताप, गॅसवाला, सोसायटीच्या मीटिंगा, सगळं त्यांच्याच अंगावर. त्या नाही म्हणाल्या तर माझी नोकरी दुसऱ्या दिवशी संपणार, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

मी म्हटलं, "आई, एकदा माझ्याबरोबर चला. मी काय करते ते डोळ्यांनी बघा. मग तुम्ही सांगाल ते."

मला वाटलं, हसतील. कोकणातलं गाव, लग्नानंतर मोहन्याच्या रेयॉन फॅक्टरीची चाळ आणि मग डोंबिवली, यापलीकडे त्या कुठे गेल्या नव्हत्या. पण त्यांनी मेथीच्या काड्या बाजूला केल्या आणि विचारलं, "पासपोर्टला फोटो कसा लागतो?"

एक अट त्यांनी घातली. मी त्यांची सून आहे हे ग्रुपमध्ये कुणाला कळता कामा नये. "नाहीतर माझ्यासमोर सगळे तुझं गोड गोड बोलतील. मला खरं बघायचंय." म्हणजे मी त्यांना काकू म्हणायचं आणि त्या मला मॅडम.

टूरच्या आधी ठाण्याला एका हॉलमध्ये सगळ्यांची मीटिंग असते. तिथे मी माइकवर नेहमीचं पुराण सांगितलं. सुकं खोबरं पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही, ते बॅगेत नको, लाडवातसुद्धा नको. आणि जहाजावर उदबत्ती, मेणबत्ती, निरांजन, काही म्हणजे काही पेटवायचं नाही. पाण्यावर आग लागली तर पळायला जागा नसते, म्हणून जहाजवाले या बाबतीत फार कडक असतात. माणसाला पुढच्या बंदरावर उतरवतातसुद्धा, आणि मग कंपनी जाब विचारते तो मॅनेजरला. दुसऱ्या रांगेत बसलेल्या सासूबाई मान डोलवत होत्या.

त्या एकट्या म्हणून कंपनीने त्यांना खोलीत जोडीदारीण दिली कोलशेतची एक आजी. घराण्याची मिठागरं होती, आता तिथे टॉवर उभे आहेत. गळ्यात ठसठशीत सोनं, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. पहिल्याच संध्याकाळी दोघी सिंगापूरच्या हॉटेलात पलंगावर मांडी घालून भाकरवडी खात होत्या. मला बघून सासूबाई म्हणाल्या, "या मॅडम. तुमचं जेवण झालं का?" झालं नव्हतं. त्यांनी ते टिपलं, हे मला त्यांच्या भुवईवरून कळलं.

त्या सगळं टिपत होत्या. एका काकांची शुगर उतरली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसून त्यांना साखर भरवली, ते त्यांनी बसच्या काचेतून पाहिलं. एका बाईने मला "अगं पोरी, एवढे पैसे भरलेत आम्ही" असं सुनावलं, तेही ऐकलं. चेहऱ्यावर मात्र काही नाही. परीक्षेचा पेपर तपासणारी बाई समोर बसली आहे आणि आपण अजून लिहितोच आहोत, असं मला चार दिवस वाटत होतं.

पाचव्या दिवशी आम्ही जहाजावर होतो आणि संकष्टी होती.

ग्रुपमध्ये सात-आठ बायकांचा उपास होता. मी सकाळीच जहाजाच्या शेफला गाठून उकडलेले बटाटे, दही आणि फळं वेगळी काढून ठेवायला सांगितली. गोडाच्या टेबलावर नारळाच्या दुधात आणि ताडगुळात शिजवलेला साबुदाणा होता. तिकडे तो रोजचाच. बायका भोवती जमल्या. हा उपासाला चालतो का, यावर चर्चा झाली आणि चंद्र बघितल्यावर ठरवू असं ठरलं. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, इथली माणसं उपास करत नाहीत, मग साबुदाणा कशाला करतात?" मी म्हटलं, तो इथल्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातून काढतात, आवडतो म्हणून खातात. त्या बराच वेळ त्या वाडग्याकडे बघत राहिल्या. नुसता आवडतो म्हणून साबुदाणा खायचा, हे त्यांच्या डोक्यात बसत नसावं.

रात्री जेवणाच्या वेळी सगळ्या उपासवाल्या वरच्या डेकवर गेल्या. एका बाजूला पोहण्याचा तलाव, गाणी, नाचणारी पोरं. दुसऱ्या बाजूला रेलिंगला धरून पूर्वेकडे तोंड करून उभ्या आमच्या बायका. मीही होतेच. आणि मला तुपाचा वास आला.

वळून बघते तर सासूबाईंनी बाकावर रुमाल अंथरून चांदीचा चिमुकला गणपती मांडलेला, शेजारी जहाजाच्याच बशीत निरांजन, आणि फुलवात पेटलेली. काडेपेटी सिंगापूरला लिटल इंडियात आम्ही जेवायला थांबलो तेव्हा घेतली होती, हे नंतर कळलं. वारा अडवायला कोलशेतच्या आजी पदर धरून उभ्या होत्या.

तेवढ्यात जहाजाचा सिक्युरिटीवाला आलाच. तो ओरडला नाही, फक्त म्हणाला, हे आत्ता विझवा. आणि माझ्या छातीवरचा बिल्ला बघून तो माझ्याकडे वळला.

"काकू, दिवा काढा," मी म्हटलं.

"देवासमोरचा दिवा मी फुंकणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज शांत. "आरती होईल आणि आपोआप जाईल. पाच मिनिटं थांबायला सांगा त्याला."

कुणीतरी म्हणालं, जाऊ दे ना मॅडम, एवढंसं तर आहे. मला दिसत होतं, मी आता काय करते ते सासूबाई बघतायत. सून म्हणून नमते की मॅडम म्हणून उभी राहते. त्या क्षणी मला नोकरीचंसुद्धा काही वाटेनासं झालं, नुसती चीड आली. हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत बसून मान डोलवली होती ना?

"मीटिंगमध्ये तुम्ही ऐकलं होतं," मी म्हटलं. "या जहाजावर हजारो माणसं आहेत, लहान मुलं आहेत. तुमच्यासाठी एक नियम आणि त्यांच्यासाठी दुसरा, असं मला करता येणार नाही. तुमच्या हाताने नको ना? मग मी करते. जे काय पाप लागायचं ते मला लागू दे." आणि मी फुलवात बोटाने तुपात बुडवली. बोट भाजलं. सिक्युरिटीवाल्याने काडेपेटी घेतली, खोलीचा नंबर विचारला आणि पुन्हा असं झालं तर उतरवू, असं बजावून गेला.

गेली नोकरी, मी मनात म्हटलं. आणि तेवढ्यात समुद्रातून चंद्र वर आला. केशरी, मोठा, एका बाजूने चेपलेला.

आता खरं तर हात जोडून उपास सोडायचा. पण कल्याणच्या एक निवृत्त बाई होत्या, त्यांचा मोबाइल अजून भारतातल्या वेळेवरच होता. त्या म्हणाल्या, "अहो, कॅलेंडरप्रमाणे चंद्रोदयाला अजून खूप वेळ आहे. हा आधीच कसा उगवला?"

झालं. समोर चंद्र आहे, पण घरी अजून उगवलेला नाही, तर उपास सोडायचा का? दोन तट पडले. कोलशेतच्या आजी म्हणाल्या, "चांद काय तुमच्या कल्याणचा हाय का गो? दिसतोय ना डोल्यांना?" बाई म्हणाल्या, पंचांग आपलं तर वेळही आपलीच धरायला हवी.

सासूबाई कुणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत. त्यांनी मला बायकांपासून लांब, रेलिंगच्या टोकाला नेलं. "घरी फोन लाव," म्हणाल्या. जहाजावर इंटरनेट माझ्याच फोनवर होतं. व्हिडिओवर नवरा दिसला, मागे कुकरची शिट्टी. "अगं आई, इथे आत्ता कुठे अंधार पडलाय," तो म्हणाला. मुलगी गॅलरीत पळाली आणि परत आली. "आजी, नाहीये चंद्र. समोरच्या टॉवरच्या मागेपण नाहीये."

सासूबाईंनी फोन फिरवून तिला आमचा चंद्र दाखवला. फोन ठेवून आम्ही परत बायकांजवळ आलो, तरी त्यांची नजर चंद्रावरच.

"म्हणजे तो इथून होऊन मग आपल्याकडे येतो?"

"हो."

"म्हणजे मी जन्मभर शिळा चंद्र बघून उपास सोडला?"

सगळ्या हसल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "याच्या आधी कुठे असतो?"

"जपानकडे."

"आणि त्याच्या आधी?"

"मग लांबपर्यंत नुसता समुद्रच आहे, आई."

तोंडातून गेलं ते गेलंच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "आई?" कल्याणच्या बाई म्हणाल्या. कोलशेतच्या आजींनी हात उडवला. "मना पयल्याच दिवशी समजलं. सुनेवर अशी नजर सासूच ठेवते."

सासूबाई लाजल्या. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग चंद्राला हात जोडून त्या सरळ खाली गेल्या आणि नारळाच्या दुधातल्या साबुदाण्यावर त्यांनी उपास सोडला. दोन वाडगे खाल्ले. खोलीत जाताना त्यांनी माझा हात उलटा करून भाजलेलं बोट बघितलं.

उरलेल्या टूरमध्ये त्यांनी मला प्रश्नांनी हैराण केलं. जहाज पाण्यात कुठे वळायचं ते कसं ठरवतं? इथल्या बायका कामाला जातात तेव्हा पोरं कोण बघतं? लंकावी बेटावर गाइडच्या अगदी पुढे त्या चालत होत्या, गुडघ्याची पट्टी बांधून. नोकरीचा विषय मात्र निघाला नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

घरी पोचलो. नवऱ्याने चहा केला आणि समोर बसला. त्यालाही निकाल हवा होता.

"नोकरी सोडायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

मी श्वास सोडला. नवरा म्हणाला, "चला, मिटलं."

"मिटलं कसं? घर मी सांभाळणार नाही," त्यांनी कप खाली ठेवला. "मला जपानला जायचंय. त्याच्यानंतर पुढे कुठे जाता येईल ते बघेन. गुडघे चालतायत तोवर. तुझे बाबा फॅक्टरीत पाळ्या करायचे, तेव्हापासून मी एका घरातून दुसऱ्या घरात तेवढी गेले. कुणाला तरी घरी राहायला लागतं म्हणून राहिले. आता दुसरं कुणीतरी राहा."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. इतकी वर्षं मी जग बघत होते, ते ही बाई घरी राहिली म्हणून. हे मला कधी सुचलं कसं नाही, याचीच मला लाज वाटली आणि रडूही आलं. शेवटी त्यानेच चाचरत विचारलं, "जपानची टूर किती दिवसांची असते?"

"मला काय विचारतोस?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बायकोला विचार. मॅनेजर ती आहे."