चार चित्रकार्डं घेऊन उज्जैनला

पुण्याहून निघालेली आमची गाडी सकाळी उज्जैनला पोचली. समोरच गरम पोह्यांवर शेव पडत होती, तेव्हा आधी एक प्लेट घेतली आणि मगच शहराकडे बघितलं. इथे येणारे बहुतेक जण महाकालाच्या दर्शनासाठी येतात. दर्शन मीही घेतलं, पण मला इथे आणलं होतं ते चार जुन्या चित्रकार्डांनी. एका बाजूला छायाचित्र, दुसऱ्या बाजूला मजकुराला जागा, अशी टपालाची कार्डं गोळा करायचा मला नाद आहे. उज्जैनची ही चार एका रद्दीवाल्याकडे मिळाली होती : रामघाट, चोवीस खांबांचा दरवाजा, गोपाळ मंदिर आणि एक गल्ली. गल्लीच्या कार्डावर गावाचं नाव होतं, गल्लीचं नव्हतं.

रामघाट लगेच जुळला. पायऱ्या त्याच, देवळांची शिखरंही तीच. गर्दी मात्र चित्रात मावली नसती. चोवीस खांबांपाशी कार्डातली चौकट डोळ्यांनी जुळवत मी मागे मागे सरकत गेले आणि एका गायीवर आदळले. तिने मान न वळवता मला बाजूला सारलं आणि रवंथ चालू ठेवलं. गोपाळ मंदिराचा संगमरवरी घुमट चौकातून दिसताच खूण पटली.

राहिली गल्ली. मंदिरामागे एका बांगड्यांच्या दुकानात कार्ड दाखवलं. दुकानदाराने ते उलटसुलट पाहिलं. “माताजी, ये तो पेचान में नी आ रई. अब तो सब चौड़ा हो गया,” तो म्हणाला. मी मराठीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, तशी शेजारी बांगड्या बघणारी बाई वळली.

“मराठी आहात? बघू, मला दाखवा.”

तिने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. सज्ज्याखाली लाकडात कोरलेल्या दोन मोरांवर तिचं बोट थांबलं. “अहो, हे तर आमचंच घर आहे!”

या सुनंदाताई. यांच्या सासरचे पूर्वज संस्थानाच्या दरबारात कारकून म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. “चला घरी,” म्हणत त्यांनी माझा हात धरला. वाटेत आवाज खाली आला. “पण जरा सांभाळून हं. आमचे हे नाराज आहेत. सडक चौड़ी करताना (रुंद करताना) समोरची बैठक गेली. तेव्हापासून हे पुढच्या दारानं बाहेरच पडत नाहीत, मागच्या गल्लीनं जातात. घर विकून इंदूरला मुलाकडे जायचं म्हणतात. मला नाही जायचं हो.”

घराची पुढची भिंत नव्या सिमेंटची होती. वरचे मोर शाबूत होते. वसंतराव, सुनंदाताईंचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी “या, बसा” म्हटलं, पण कार्डाला हात लावला नाही. “काय बघायचं? जे होतं ते गेलं.”

सुनंदाताईंनी ते त्यांच्या हातात दिलंच. त्यांनी चष्मा पुसून लावला.

“अगं, इकडे ये. यात आपली बैठक कुठे आहे?”

आम्ही तिघं वाकून बघू लागलो. बैठक नव्हतीच. तिच्या जागी मोकळा ओटला (ओटा) होता. त्यावर पगडीवाला एक माणूस भिंतीला टेकून बसला होता, आणि पुढून बैलगाडी आरामात चालली होती.

“म्हणजे बैठक नंतर काढली,” वसंतराव हळूच म्हणाले. “आणि आमचे आजोबा सांगायचे, पुरखों के ज़माने से आहे म्हणून!” मग ते एकदम हसत सुटले. “आजोबांनी सडकच दाबली (बळकावली) होती की हो!”

“आणि तुम्ही वर्षभर तोंड पाडून बसलात,” सुनंदाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

हसू ओसरलं. “तरी माझा अभ्यास तिथेच झाला, आईचं पडणंही तिथेच असायचं,” ते म्हणाले. सुनंदाताईंनी त्यांच्या पुढ्यात चाय ठेवली. चाय पिऊन ते उठले. फोटो काढणारा कुठे उभा असेल ते त्यांना बघायचं होतं. कार्ड हातात घेऊन ते सरळ पुढच्या दाराने बाहेर पडले. सुनंदाताईंनी माझं मनगट घट्ट दाबलं.

मोटारसायकली हॉर्न वाजवत जात होत्या. वसंतराव समोरच्या कडेला उभे राहून एकदा कार्डाकडे, एकदा भिंतीकडे बघत होते. “बाबूजी, आज इधर से?” शेजाऱ्याने विचारलं.

“घर देख रहा हूँ,” ते म्हणाले.

दुपारी दाल-बाफल्यांशिवाय (बाफले म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे) त्यांनी मला सोडलं नाही. वर तुपाची धार, आणि ‘बस’ म्हणायची सोय नाही. संध्याकाळी फ्रीगंजच्या बाजारात कार्डाची नक्कल काढली. मूळ कार्ड त्यांना दिलं. देताना जिवावर आलं, खोटं कशाला सांगू? घर विकण्याचा विषय त्या दिवशी कुणीच काढला नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

परतीच्या गाडीत उरलेली कार्डं पुन्हा काढून बसले. जुनी चित्रं हातात आली की त्यातलं काय काय नाहीसं झालं तेच मी शोधायची. आता त्यात काय अजून आलेलंच नव्हतं, तेही बघते.

काही आठवड्यांनी सुनंदाताईंचा फोन आला. “इंदूरला जाऊन आलो. पण ह्यांना करमेना, लगेच परत फिरलो. म्हणतात, सकाळी आपल्या दारात खुर्ची टाकून बसल्याशिवाय चाय गळ्याखाली उतरत नाही.”