बोटीतल्या बाजाराकडची खिडकी

व्याह्यांबरोबर लग्नात मिरवावं, दिवाळीला फराळ करावा. बोटीवर शेजारशेजारच्या खोल्यांत राहायला मात्र जाऊ नये. किश्श्यांची अशी रास पडते की आमच्याकडे पाहुणा टेकला की माझी बायको सुनंदा आधीच दम भरते, "बोटीचं काढू नका हं!" आणि चहा देता देता स्वतःच सुरू करते.

मी उंब्रजचा. हायवेला माझं इलेक्ट्रिकचं दुकान. आमचे व्याही बापू दुष्काळी आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. जावई नीलेशने आम्हा दोन्ही जोडप्यांना मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून दिली. विहीणबाईंचे गुडघे कामातून गेलेले, डेकपर्यंत चालणं होत नाही. म्हणून बापूंनी लेकाला एकच बजावलं होतं, "खोलीला खिडकी पायजे. तुझ्या आयेला पलंगावरनं समिंदर दावतो म्हणून शब्द दिलाय मी."

खिडकी मिळाली. चांगली ऐसपैस, काचेची. बापूंनी झटक्यात पडदा ओढला, तर खाली बाजार! बोटीच्या पोटातच दुकानांची गल्ली काढलेली आणि आमच्या दोन्ही खोल्यांच्या खिडक्या वरून त्या गल्लीत बघणाऱ्या. बापूंनी तिथूनच नीलेशला व्हिडिओ कॉल लावला.

"पोरा, समिंदर कुठाय रं? हितं घड्याळाचं दुकान हाय!"

"बाबा, मी विंडो मागितली, त्यांनी विंडो दिली..."

जावयाचा चेहरा असा पडला होता की मला धड हसताही येईना.

* * *

मी घरी बनियनवर दाढी करतो. बोटीवरही केली. फरक एवढाच की आरसा खिडकीला लागून होता. तोंडाला फेस, खांद्यावर टॉवेल आणि माझं रोजचं डुलत गाणं. तेवढ्यात सुनंदा किंचाळली, "अहो, पडदा! खाली माणसं मोबाईल धरून उभी आहेत!"

मी कशीबशी दाढी उरकली. नाश्त्याला मान खाली घालून इडली खात होतो, तर एक अनोळखी गृहस्थ शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "डाव्या बाजूला थोडी राहिली बरं का!"

* * *

या खोलीत बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळत नाही. बापूंनी त्यावर तोड काढली. खालच्या माणसांकडे बघायचं! दुसऱ्या दिवशी दुपारी बघतात तर जो तो ओल्या डोक्याने चाललेला. बापूंनी लगेच बोटीच्या वायफायवरून आटपाडीला भावाला फोन लावला, "हितं लय पाऊस हाय रं! माणसं निथळत्यात!"

तिकडून भाऊ म्हणाला, "दादा, येताना थोडा घिऊन या."

मग बापू डोक्यावर घोंगडं घेऊन ऐटीत डेकवर गेले. वर रणरणतं ऊन आणि पोहण्याच्या तलावात अख्खी बोट डुंबत होती. घोंगडं बघून पोरं फोटो काढायला धावली. बापूंनीही मिशीला पीळ देऊन सगळ्यांना फोटो दिले.

* * *

विहीणबाई मात्र सकाळी उठल्या की वेणीफणी करून खिडकीतल्या खुर्चीत. दोन दिवसांत त्यांना निम्मी बोट ओळखीची झाली होती.

"ती चष्मेवाली काल नवऱ्यासंगं हुती, आज येकलीच फिरतीय. काय तरी बिनसलंय."

संध्याकाळी ती चष्मेवाली नवऱ्याच्या हातून आइस्क्रीम खाताना दिसली, तेव्हा विहीणबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि आम्हाला बोलावून ते दृश्य दाखवलं.

रोज रात्री गल्लीतून मिरवणूक निघायची. त्यात उंच काठ्यांवर चालणारा एक जोकर होता, तो थेट या खिडकीच्या उंचीला यायचा. पहिल्यांदा काचेपलीकडे ते रंगवलेलं तोंड बघून सुनंदाने पलंगावर उडी मारली. विहीणबाईंनी शांतपणे हाताचा घास करून तोंडाकडे नेला. जेवलास का? जोकर क्षणभर गडबडला, मग मान हलवून नाही म्हणाला.

"बगा, उपाशी नाचवत्यात लेकराला!" विहीणबाई खरंच हळहळल्या.

* * *

आणि बापू? ते सकाळ-संध्याकाळ काउंटरवर. फौजी हिंदीत एकच मागणी, "साब, समिंदरवाला कमरा." गोव्याला एक कुटुंब उतरलं आणि बोटवाल्यांनी खरोखरच त्यांना बाल्कनीची खोली दिली! बापूंचा आनंद काय सांगावा. आम्ही दोघं त्यांच्याच खोलीत गप्पा मारत होतो, तर ते नव्या खोलीचं कार्ड नाचवत आले आणि भराभरा बॅग भरू लागले.

"ऊठ, समिंदर मिळाला!"

विहीणबाई हलल्या नाहीत. "म्या न्हाई येत."

"आगं, शब्द दिलाय मी तुला!"

"तुमी दिला. म्या कवा मागितला?"

बापूंच्या हातातला सदरा हातातच राहिला.

"तुमी फौजेत हुता, तवा म्या माळावर वस्तीला," विहीणबाई खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या. "दारात बसलं की नदर जाईल तितं मोकळंच. दिस दिस माणूस दिसायचं न्हाई. कुणी येतंय का म्हणून वाटंकडं बघत बसायची. आवं, आता कुठं खिडकीला माणसं आली, तर परत मोकळंच दावताय व्हय मला?"

 माझा जन्म हायवेच्या गर्दीत गेला, माणसांचा कंटाळा आला म्हणून तर मी बोटीवर आलो होतो. 

बापूंनी बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात लावले. खोलीत खुर्ची एकच, तीत विहीणबाई. ते खुर्चीमागे उभे राहून तिच्यावरून खालची माणसं बघू लागले. मग त्यांनी काउंटरला फोन लावला.

"साब, वो समिंदरवाला कमरा रहने दो. इधर एक कुर्सी और भेजो."