पुढच्या रांगेतले कानसेनमामा

कानसेनमामांशी बोलायचं तर त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. उजवा कान पार गेलेला होता. आणि हाच माणूस दर वर्षी होळी झाली की गाणं ऐकायला जायच्या तयारीला लागे. नदीपलीकडच्या जुन्या भुईकोट किल्ल्यात मे महिन्यात दोन दिवस गाण्याचा जलसा होई. दौंडच्या रेल्वे कॉलनीतून तिथं माणसं न्यायचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यांचं खरं नाव गफूर. 'कानसेन' हे नाव कॉलनीनं चेष्टेनं पाडलं, आणि त्यांनी ते बिल्ला लावावा तसं छाती काढून मिरवलं.

मामा लोको शेडमध्ये बॉयलरमेकर होते. इंजिनाच्या बॉयलरच्या पोटात शिरून बसायचं आणि बाहेरून घण पडत असताना आतून पत्रे जोडणारा रिव्हेट दाबून धरायचा, हे त्यांचं काम. आत कसं वाटतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "घंटेत मानूस बसवला आन् वरनं घंटा बडवली, तसं." पंचवीस वर्षं असं काम केल्यावर कान राहणार कुठले? पण त्याची हळहळ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. पत्र्याच्या ट्रंकेवर रेडिओ ठेवत आणि ट्रंकेवर तळवा टेकवून बसत. ठेका हाताला कळे, सूर डाव्या कानात शिरेल तेवढा शिरे. सम यायच्या वेळी त्यांची मान आमच्या आधी हलायची. "कान गेलं तर गेलं," म्हणत, "गानं कुठं गेलंय?"

मी शिरूरची. लग्न होऊन दौंडला आले तेव्हा आमचं क्वार्टर मामांच्या भिंतीला लागून होतं. माझे मिस्टर इंजिनावर फायरमन. शिरूरला आमच्या बौद्धवाड्यातल्या जलशात माझे वडील ढोलकी वाजवायचे. घोडनदीच्या काठाकाठानं किती गावं त्यांनी पालथी घातली होती. हे मामांना कळलं, त्याच संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले आणि सासूबाईंना म्हणाले, "वैनी, ही पोरगी किल्ल्याला येनार. ढोलकीवाल्याची पोर अशी घरात डांबून ठिवायची न्हाई." सासूबाई काहीतरी म्हणाल्या. मामांना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी येऊ दिलं नाही. त्या वर्षापासून मी जाऊ लागले.

त्यांची सगळी तयारी घराच्या दारावर चाले. शेडमध्ये पत्र्यावर खडूनं खुणा करायची सवय, तशी दाराच्या बाहेरच्या बाजूला ते खडूनं यादी लिहीत. वर माणसांची नावं. खाली घागर कोण घेणार, चटया किती, भाकरी कुणाच्या घरच्या, ठेचा कुणाचा. मनमाडकडच्या पॅसेंजरची वेळ, उतरायचं लहानसं स्टेशन, तिथून पुढं बैलगाडी. येणारा-जाणारा वाचून जाई, आणि एकदा नाव दारावर चढलं की माघार नसे. एका वर्षी एका फिटरनं पुतणीच्या लग्नामुळं जमत नाही म्हणून सांगितलं. मामा शांतपणे म्हणाले, "मग तारीख बदला." फिटरला वाटलं जलशाची. मामा म्हणाले, "लग्नाची!"

चौऱ्याहत्तर साली रेल्वेचा तो मोठा संप झाला, त्या मे महिन्यात दारावर अकरा नावं होती.

संपाच्या आदल्या दिवसापासूनच धरपकड सुरू झाली. आमच्या घरी सकाळी पोलीस आले. मिस्टरांच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी खाली ठेवला आणि निघाले. कॉलनीतले बरेच पुरुष आत गेले, काही शेतात लपले. यार्डात इंजिनं थंड पडली. दौंडला राहून शिट्टी ऐकू येत नाही याची इतकी भीती वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मामांना मात्र कुणी हात लावला नाही. बहिरा म्हातारा, हा काय करणार, असं कुणाला तरी वाटलं असावं. मामा त्यावरच चिडले होते. "मला का न्हाई धरलं? मी काय कामावर गेलोय? हा अपमान हाय माझा!" हाजरामामी त्यांना आत ओढीत होत्या आणि ते ओट्यावर उभं राहून पोलिसांच्या गाडीला हाका मारीत होते.

संपाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी शेडचे एक साहेब मामांकडे आले. दुपारची वेळ, ओट्यावर चिटपाखरू नव्हतं, तेच बघून आले असणार. भिंतीपलीकडून मला बोलणं लागत होतं.

"गफूर, कामावर ये," साहेब हळूच म्हणाले.

"काय?"

"कामावर ये म्हणतोय. नोकरी वाचेल."

"मोठ्यानं बोला साहेब. बहिरा मानूस हाय मी."

साहेबांनी आवाज चढवला. मामांनी कानाला हात लावून मान हलवली. साहेब अखेर ओरडलेच, "कामावर ये! तुला पास देतो! बंदोबस्तातल्या गाडीनं तुझ्या गाण्याला जाता येईल!"

तोवर सगळी चाळ ओट्यावर आली होती. ज्यांची माणसं आत होती त्या बायका पदर खोचून उभ्या होत्या. मामांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "आत्ता आलं ऐकू. गान्याला मी जानारच हाय, साहेब. तुमचा पास नको."

साहेब गेले. मामी नंतर मला म्हणाल्या, "पहिल्याच वक्ताला आलं होतं त्यांना ऐकू."

पण जायचं कसं? पॅसेंजर बंद, अकरातले सहा जण आत, दोघं बेपत्ता. मला वाटलं, यंदा दारावरची यादी पुसली जाणार. मामांनी पॅसेंजरची वेळ तेवढी पुसली आणि तिथं लिहिलं : पायी. पहाटे निघायचं, बैलगाडी मिळाली तर नदीपर्यंत, पुढं पात्रातून चालत.

माझ्या नावाला मीच नाही म्हणाले. नवरा तुरुंगात आणि बायको गाण्याला निघाली, असं लोक म्हणतील. सासूबाईंनी तर ते बोलूनच दाखवलं, "पोरगा माझा आत, आन् सून जलशाला? त्वांड कुठं दाखवू मी?"

मामा उंबऱ्यात बसले. नेहमी ओरडून बोलणारा माणूस, त्या दिवशी हळू बोलला. "वैनी, तो आत कशापायी बसलाय? आपन हितं तोंड झाकून रडत बसावं म्हनून? त्येंना तेच पायजे. ह्या कॉलनीत चूल पेटली न्हाई, कुनी हसलं न्हाई, कुनी बाहेर पडलं न्हाई, म्हंजी ते जिकलं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तुझं नाव मी पुसनार न्हाई. न्हाई आलीस तर तसंच राहील."

पहाटे उठून बघते तर सासूबाई भाकरी थापत होत्या. सहा भाकरी फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिल्या. "त्या बहिऱ्याला सांग, ठेचा माझ्या हातचा हाय."

आम्ही तिघंच निघालो. मामा, मामी आणि मी. ओळखीची बैलगाडी वाटेत मिळाली, तिनं नदीपर्यंत सोडलं. भीमेत गुडघाभर पाणी होतं. मामी लुगडं सावरत, मला धरून उतरल्या. पलीकडच्या वाळूत पाय भाजले. किल्ल्याची तटबंदी बाभळीतून वर दिसायला लागली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जुन्या देवळासमोर मांडव घातला होता. माणसं निम्मीच आली होती. गाड्याच नव्हत्या तर येणार कशी? पुढं वेताच्या खुर्च्या होत्या, मोठ्या पाहुण्यांसाठी.

मामा दोन खुर्च्यांच्या मधून सरळ पुढं गेले, स्टेजला खेटून खाली बसले आणि फळीवर तळवा टेकवला. दर वर्षी ते कडेला खांबापाशी बसत. यंदा त्यांनी मधली जागा धरली.

छातीला फूल लावलेला एक स्वयंसेवक धावत आला. "बाबा, मागं बसा. ही जागा पाहुण्यांची आहे."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी कानाशी ओरडले, "मागं बसा म्हणतायत."

"का म्हनून?"

स्वयंसेवकाला एव्हाना प्रकार कळला होता. तो इतरांकडं बघून हसत म्हणाला, "अहो, यांना ऐकूच येत नाही. यांना पुढं काय, मागं काय?"

हेही मी मामांना सांगितलं. मामा उठले नाहीत, हात काढला नाही. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकू येत न्हाई म्हनून तर फुडं बसलोय. ज्याला येतंय त्यानं जावं मागं!"

मांडवात हसू फुटलं. तानपुरे लावीत बसलेल्या गायिकाबाई वयस्कर होत्या. त्यांनी मामांचा फळीवरचा हात बघितला आणि स्वयंसेवकाला म्हणाल्या, "बरोबर बोलतायत ते. बसू द्या." मग मी आणि मामीही मामांच्या दोन्ही बाजूंना बसलो. मामींनी पदर नीट केला आणि मागच्या खुर्चीतल्या पाहुण्याकडं असं बघितलं, की त्यानं खुर्ची मागं सरकवली.

बाईंचा आवाज वयानं थोडा खरखरीत झाला होता. त्यांनी सावकाश सुरुवात केली. मामा डोळे मिटून बसले होते, करंगळी फळीवर हलत होती. बाई वर चढल्या, थांबल्या, पुन्हा चढल्या. मला एकदम मिस्टरांचा तो खाली ठेवलेला कप आठवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. लाज वाटली नाही. भीतीचं रडणं मला ठाऊक होतं, हे तसलं नव्हतं. आपलं काही चुकलेलं नाही, हे मला त्या फळीशेजारी बसल्यावर पक्कं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं गाणं ऐकून परतलो. कॉलनीत आलो तर दारादारावर नोटिसा चिकटवलेल्या. मामांची नोटीस बरोबर यादीवर डकवली होती. नोकरीवरून काढलंय, क्वार्टर सोडा. मामांनी ती वाचली, नखानं कडेकडेनं सोडवली. खालचा खडू निम्मा तिच्याबरोबर निघून आला. "यादी खराब केली हरामखोरांनी," एवढंच म्हणाले.

आणखी काही दिवसांत संप मोडला. मिस्टर सुटून आले, पण कामावर घ्यायला माफीनामा पाहिजे होता. बऱ्याच जणांनी लिहून दिला, त्यांची पोरंबाळं होती, मी त्यांना नावं ठेवत नाही. मामांना कागद पुढं केला तेव्हा ते म्हणाले, "काय चुकलं ते आधी तुमी ल्ह्या. मग माफी मी ल्हितो." कागद कोराच परत गेला. त्या रात्री मिस्टरांनी मला विचारलं, काय करू? किल्ल्यात जाऊन आले नसते तर मी सही करा म्हणाले असते. मी म्हणाले, "नका लिहू."

दोन्ही कुटुंबं शिरूरला माझ्या माहेरी गेली. वडिलांनी वस्तीतली एक खोली मामांना मिळवून दिली. आसपास गुऱ्हाळं होती. गुळाच्या कढया फुटल्या की मामा पत्रा लावून रिव्हेट मारून देत. मिस्टर त्यांच्या हाताखाली घण मारू लागले, मी बालवाडीत लागले. असे तीन उन्हाळे गेले. तिन्ही उन्हाळ्यांत आम्ही किल्ल्याला गेलो, एसटीनं, वाट वाकडी करून. तिसऱ्या वर्षी डावा कानही बंद झाला. आता ओरडून उपयोग नव्हता. मी त्यांच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढी.

मग सरकार बदललं आणि काढलेल्यांना परत घ्यायचा हुकूम निघाला. मामांच्या निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते. लोक म्हणाले, आता कशाला जाता, पेन्शनचं घरी बसून बघा. मामांनी नवी खाकी पँट शिवून घेतली आणि आमच्याबरोबर दौंडला परतले. एकोणीस दिवस वेळेवर शेडमध्ये गेले, मस्टरवर सही केली आणि जमेल तेवढं काम केलं.

शेवटच्या दिवशी शेडमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. घरच्यांनाही बोलावलं होतं. हार, नारळ, पेढे. नवे साहेब आले होते, त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी छान भाषण केलं. मी ते मामांच्या हातावर लिहीत होते. साहेब म्हणाले, "गफूरभाईंनी इतकी वर्षं निष्कलंक सेवा केली. त्यांच्या नोकरीत कुठंही खंड नाही, डाग नाही."

मी लिहायची थांबले. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि तळवा पुढंच धरून ठेवला. मी लिहिलं.

ते उठले आणि माईकपाशी गेले. "साहेब, हे खोटं हाय," म्हणाले. "मला काढून टाकलं व्हतं. माझ्या सर्व्हिस बुकात ल्हेलेलं हाय, संपात व्हता म्हनून काढला. तेवढं वाचा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी कारकुनाकडं बघितलं. कारकून आत गेला, बुक घेऊन आला, पान शोधलं आणि वाचायला लागला. पहिल्या ओळीला मिस्टर उभे राहिले. मग एकेक करीत सगळे, माफी लिहून दिलेलेसुद्धा. मामांना त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. ते हार काढून हातात धरून उभे होते आणि आमच्या तोंडांकडं बघत होते.