वजा करायचा फोटो

सूर्यावर स्फोट होतो आणि तापलेल्या वायूचा प्रचंड ढग अवकाशात फेकला जातो. त्या ढगाची रुंदी आणि वजन फोटोंवरून काढायचं, हे माझं पीएचडीचं काम. आठवडाभर देवळीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचं आणि रविवारी पवनारला घरी बसून ढग मोजायचे, अशी सहा वर्षं गेली.

सासूबाई विचारायच्या, "काऊन वं, अजून तुह्या सूर्याचं वजन होऊन नाई राह्यलं का? एवढ्यात नातीचं लग्न होऊन तिले पोरगं झालं."

मोजण्याची रीत कंटाळवाणी आहे. सूर्य तबकडीने झाकून काढलेले फोटो फुकट मिळतात. ढगाच्या फोटोतून स्फोटाआधीचा फोटो वजा करायचा. जास्तीचा उजेड उरतो तो ढगाचा. त्याची ठिपक्याठिपक्याने बेरीज केली की वजन निघतं, कोट्यवधी टनांत. आधीचा फोटो मी सरसकट एक तास अगोदरचा घेत होते.

प्रबंध द्यायला वीस दिवस उरले होते. मुदतवाढ आता मिळणार नव्हती. तेव्हा गाइडचा फोन आला. ते माझ्याहून आठ वर्षांनी लहान.

"मॅडम, सतरा नंबरचा ढग एवढा रुंद, मग एवढा हलका कसा?"

"बघते."

"नाहीतर गाळून टाका. बाकीचे एकसष्ट पुरेत."

मला बरंच वाटलं. गाळायचं ठरवलं.

रविवारी सकाळी नवरा ओसरीवर वांगी तोलत होता, मी वजनं लिहीत होते. आमच्या प्रत्येक कॅरेटवर त्याचं रिकामं वजन रंगाने लिहिलेलं आहे. तरी चिखल लागलेलं एक कॅरेट त्याने रिकामं करून पुन्हा काट्यावर ठेवलं.

"अहो, आकडा लिहिलाय ना? गाडी थांबली आहे."

"तो धुतलेल्या कॅरेटचा हाय. चिखल का वांग्यात धरू?"

मी पेन ठेवला, आत गेले आणि सतरा नंबरचा एक तास आधीचा फोटो उघडला. त्यात त्याच्या अगोदरच्या स्फोटाचा ढग अजून पसरलेला होता. रिकामं आकाश समजून मी तोही वजा केला होता. सतरा नंबर हलका निघणारच.

बाहेरून हाक आली, "वजनं कोन लिहिन?"

एक गाळून भागणार नव्हतं. बासष्टच्या बासष्ट तपासले. चौदा चुकले होते. कॉलेजातून उरलेल्या रजा घेतल्या, प्रत्येकासाठी खरोखर रिकाम्या आकाशाचा फोटो शोधला आणि पुन्हा मोजलं. पाठ धरली, डोळे चुरचुरायला लागले. चूक कशावरून सापडली ते नवऱ्याला सांगितलं नाही, तो वर्षभर ऐकवत बसला असता.

रुंदी वाढते तसं वजन वाढतं, ही माझ्या शेवटच्या प्रकरणातली सुबक सरळ रेष नव्या आकड्यांनी पार विस्कटली. संबंध आहे, पण सैल आहे, असं लिहून ते प्रकरण बदललं.

गाइड म्हणाले, "आधीचा आलेख छान दिसत होता."

"दिसत होता," मी म्हणाले.

शेवटच्या दिवशी दुपारी प्रबंध दिला आणि बसमध्ये झोपले. घरी सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"झालं का?"

"झालं."

"मंग किती भरला सूर्य?"

"सूर्य नाई, आई. त्याच्यातून उडालेलं."

"म्हंजे सूर्य तसाच राह्यला?" असं म्हणून त्यांनी अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या.